क्योगेन : जपानी हास्यनाट्य आणि चीवराला हसणारा प्रेक्षक

संयुत्तनिकायाच्या गामणिसंयुत्तात तालपुट नावाच्या नटप्रमुखाचे एक सुत्त आहे. राजगृहाच्या वेळुवनात तो तथागतांना विचारतो की, रंगमंचावर खरेखोटे करून लोकांना हसविणारा नट मरणोत्तर हसऱ्या देवांच्या सहवासात जन्मतो, असे जुन्या नटाचार्यांकडून आपण ऐकत आलो. भगवंतांचे यावर काय म्हणणे आहे? तथागत त्याला दोनदा थोपवितात. तिसऱ्यांदा मात्र ते स्पष्ट उत्तर देतात : प्रेक्षक आधीच लोभ, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले असतात, नट त्यांच्यापुढे तेच विकार चेतविणारे विषय मांडतो, स्वतः प्रमत्त होऊन इतरांनाही प्रमत्त करतो, अशा नटाला स्वर्ग नाही, अधोगती आहे. तालपुट रडतो. तथागतांनी कठोर उत्तर दिले म्हणून नव्हे, तर आजवर आपली फसवणूक झाली म्हणून. पुढे तो प्रव्रज्या घेऊन अर्हत होतो आणि थेरगाथेत त्याच्या नावे एक दीर्घ गाथासमूह आढळतो.

हे सुत्त वाचल्यावर असा प्रश्न उभा राहतो की, धम्माच्या वाटेवर हास्याला स्थानच नाही काय? अभिधम्माचे उत्तर तसे नाही. तेथे ‘हसितुप्पाद’ नावाचे एक स्वतंत्र चित्त सांगितले आहे आणि ते बुद्ध, पच्चेकबुद्ध व अर्हत यांच्याच ठायी उद्भवते. म्हणजे क्लेश सरले तरी स्मित उरते. मग प्रमत्त करणारे हसू आणि जागे करणारे हसू यांची सीमारेषा कोठे आहे? या प्रश्नाचा विचार करताना जपानच्या ‘क्योगेन’ या हास्यनाट्याकडे पाहणे आम्हांस उद्बोधक वाटते. बौद्ध समाजात जन्मलेले, विहारांच्या आश्रयाने वाढलेले आणि तरीही भिक्षूंना मनसोक्त हसणारे हे नाट्य सुमारे सहाशे वर्षे रंगमंचावर टिकून आहे.

नावातच असलेला प्रश्न

‘क्योगेन’ या शब्दाचा अर्थ ‘वेडगळ बोल’. हा शब्द ज्या जोडशब्दातून आला तो ‘क्योगेन किगो’, म्हणजे वेडगळ बोल आणि नटवलेले शब्द. चिनी कवी बाइ जुयी (772–846) याने आपला काव्यसंग्रह बौद्ध विहारात ठेवताना अशी इच्छा व्यक्त केली की, या जन्मी आपल्या हातून झालेले वेडगळ बोल व नटवलेले शब्द पुढील जन्मांत बुद्धमार्गाच्या स्तुतीचे निमित्त ठरावेत. हा विचार जपानमध्ये अतिशय लोकप्रिय झाला आणि कवी, कथाकार व नट आपापल्या कलेच्या समर्थनार्थ तो पुढे करू लागले.

यातील ‘किगो’ हा शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. दहा अकुशल कर्मांपैकी ‘सम्फप्पलाप’, म्हणजे निरर्थक बडबड, यासाठी चिनी भाषांतरकारांनी योजलेली ही संज्ञा आहे. म्हणजे कवीने आपल्या कलेला प्रथम दोषाचेच नाव दिले आणि मग तो दोष मार्गाचे साधन कसा होईल, असे विचारले. तालपुटाचा प्रश्नही याच्या अगदी जवळचा होता.

प्रयोगाचे स्वरूप

क्योगेन आणि गंभीर प्रकृतीचे ‘नोह’ नाट्य ही एकाच घरातील भावंडे आहेत. नकला, कसरती, गाणी व विनोद यांनी भरलेल्या ‘सारुगाकु’ या लोकरंजनातून चौदाव्या शतकात दोन्ही आकाराला आली. नारा येथील कोफुकुजी या बौद्ध विहाराच्या व त्याच्याशी संलग्न कासुगा देवस्थानाच्या सेवेत सारुगाकु नटांची चार मंडळे होती. नोहमध्ये योद्ध्यांचे आत्मे, विरहिणी, देवदेवता येतात. भाषा काव्यमय आणि गती मंद असते. दोन नोह नाटकांच्या मध्ये क्योगेन सादर होते. त्यात बोलचालीची भाषा असते आणि पात्रे असतात सेवक, मालक, जावई, बायका, भोंदू, चोर आणि भिक्षू. एक प्रयोग साधारणतः पंधरा ते चाळीस मिनिटांत संपतो.

रंगमंच म्हणजे सुमारे सहा मीटर लांबीरुंदीचा, छपराखालचा लाकडी चौक. मागील फळीवर पाइन वृक्षाचे चित्र आणि डाव्या बाजूने येणारा एक लांब सेतू असतो. याखेरीज नेपथ्य नाही. नट चौकाला एक फेरी मारतो आणि राजधानीचा प्रवास पूर्ण होतो. हातातला पंखा क्षणात सुरई होतो, क्षणात करवत होतो. वस्तूंचे व प्राण्यांचे आवाजही नट स्वतःच तोंडाने काढतो. बहुतेक पात्रांना मुखवटा नसतो. स्त्रीभूमिका करणारा पुरुष डोक्याला पांढरे लांब वस्त्र गुंडाळतो, एवढाच बदल.

प्रवेश करताच पात्र आपली ओळख करून देते. पण बहुतेक वेळा नाव सांगत नाही. आपण याच परिसरात राहणारे आहोत, एवढेच ते म्हणते. क्योगेनच्या आकर्षणाचे मर्म आम्हांस या एका वाक्यात दिसते. नोहमधील पात्राला इतिहास असतो, कुळ असते. क्योगेनमधील माणूस प्रेक्षकांच्या शेजारचा असतो, कदाचित प्रेक्षकच असतो. प्रेक्षक हसू लागतो तेव्हा कोणा परक्याला हसत नाही.

सेवक तारो काजा

क्योगेनचा सर्वांत लाडका नायक म्हणजे तारो काजा हा घरगडी. तो आळशी आहे, मद्यप्रिय आहे, भित्रा आहे आणि मालकापेक्षा हुशार आहे. ‘बुसु’ या नाटकात मालक बाहेर जाताना तारो व जिरो या दोघा सेवकांना बजावतो की, या भांड्यात बुसु नावाचे जहाल विष आहे, त्यावरून आलेला वारासुद्धा प्राणघातक आहे. सेवक पंख्याने वारा परतवीत भांड्यापाशी जातात, झाकण उघडतात आणि चाखून पाहतात, तर आत साखर! भांडे रिकामे होते. मग तारो शांतपणे मालकाचे मौल्यवान चित्र फाडतो, चहाचे किमती पात्र फोडतो आणि मालक परतताच दोघे गळा काढून रडू लागतात. आपल्या हातून चित्र व पात्र यांचा नाश झाला, म्हणून प्रायश्चित्तादाखल विष खाल्ले. पण कितीही खाल्ले तरी मरण येईना, असे त्यांचे म्हणणे. मालकाने स्वतःच्या खोट्याचाच हा सापळा रचलेला असतो. त्यात तो स्वतः अडकतो.

या कथेचे मूळ पाहण्याजोगे आहे. मुजू या बौद्ध भिक्षूने 1283 साली पूर्ण केलेल्या ‘शासेकिश्यू’ या कथासंग्रहात ती येते. तेथे मालकाच्या जागी कंजूष भिक्षू आहे आणि सेवकांच्या जागी विहारातील मुलगा. मुजूने आपल्या संग्रहाच्या प्रास्ताविकात ‘क्योगेन किगो’ हाच विचार मांडून, हलक्याफुलक्या गोष्टींच्या निमित्ताने लोकांना बुद्धमार्गाकडे वळविण्याचा हेतू सांगितला आहे. म्हणजे भिक्षूच्या लोभावर हसणारी ही गोष्ट प्रथम एका भिक्षूनेच लिहून ठेवली होती.

चीवरातील माणूस

क्योगेनच्या नाट्यसंचात भिक्षूंवरील नाटकांचा स्वतंत्र वर्ग आहे. त्यातील ‘फुसे नाई क्यो’ हे नाव ‘दक्षिणेविना सूत्रपाठ’ अशा अर्थाचे आहे. एक भिक्षू उपासकाच्या घरी नेहमीचा मासिक पाठ करतो. पण त्या दिवशी उपासक दान द्यायला विसरतो. भिक्षू निघतो खरा, पण पाय निघत नाही. एकदा सोडून दिले तर पुढेही हाच पायंडा पडेल, या चिंतेने तो पुन्हा पुन्हा परत येतो आणि उपदेशाच्या आडून दानाची आठवण करून देऊ पाहतो. उपासक उपदेशाने भारावतो. दान मात्र आठवत नाही. अखेर भिक्षू आपले काषायवस्त्र अंगरख्यात लपवून ते हरवल्याचा बहाणा करतो. उपासकाला आता दान आठवते. तो पुढे करतो. भिक्षू लाजेने नको नको म्हणतो. उपासक आग्रहाने ते त्याच्या अंगरख्यात कोंबू लागतो, आणि आतून हरवलेले काषायवस्त्र बाहेर पडते.

येथे प्रेक्षक हसतो. परंतु हा भिक्षू दुष्ट नाही. अल्प रक्कम, तिचा मोह, त्या मोहाची स्वतःलाच वाटणारी लाज आणि लाजेवर मात करणारा मोह, अशा मनाच्या हेलकाव्यांचे हे चित्र आहे. तण्हा म्हणजे काय, हे पंधरा व्याख्यांनी समजणार नाही तितके त्या दारापर्यंत जाऊन परतणाऱ्या पावलांनी समजते.

‘शूरोन’ (पंथांचा वाद) हे नाटक याहून धारदार आहे. मिनोबु पर्वताची यात्रा करून परतणारा निचिरेन पंथाचा भिक्षू आणि झेन्कोजीहून परतणारा जोदो पंथाचा भिक्षू वाटेत भेटतात. सोबत मिळाली म्हणून दोघांना आनंद होतो. पंथ कळताच आनंद मावळतो. आपला पंथ श्रेष्ठ, दुसऱ्याचा भ्रामक, असा वाद पेटतो. रात्री एकाच पांथस्थगृहात शास्त्रार्थ रंगतो. सूत्रातील एका शब्दाचा ध्वनी अळूच्या देठांसारखा, तर दुसऱ्याचा भाजीच्या पदार्थांसारखा. दोघेही विद्वान त्या शब्दांवरून मेजवानीचे वर्णन करीत बसतात आणि त्यालाच तत्त्वचर्चा समजतात. पहाटे दोघे आपापला जप मोठ्याने सुरू करतात. एक ‘नामु अमिदा’ म्हणतो, दुसरा सद्धर्मपुंडरीक सूत्राचे नाव घेतो. आवाज चढतो, पाय थिरकू लागतात आणि जोशाच्या भरात दोघांची अदलाबदल होते. प्रत्येकाच्या तोंडी दुसऱ्याचा मंत्र! चूक ध्यानी येताच दोघे थबकतात. आणि पुंडरीक सूत्र व अमिताभ यांत भेद नाही, अशा समेटाच्या गीताने नाटक संपते.

पर्वतवासी तपस्वी ‘यामाबुशी’ यांचीही अशीच गत होते. ‘काकियामाबुशी’मध्ये तपाने सिद्धी मिळाल्याचा दावा करणारा यामाबुशी परक्याच्या झाडावर चढून तेंदूवर्गातील ‘काकी’ ही फळे खातो. मळ्याचा मालक त्याला ओळखतो. पण हा कावळा दिसतो, असे मुद्दाम मोठ्याने म्हणतो. यामाबुशी कावळ्यासारखा ओरडतो. मग माकड. मग घार, आणि घार असेल तर उडेलच! सिद्धपुरुष झाडावरून उडी घेतो आणि जमिनीवर आपटतो.

भारतीय वाचकांना येथे सातव्या शतकातील महेंद्रवर्मनच्या ‘मत्तविलास’ प्रहसनाची आठवण होईल. त्यातही नागसेन नावाच्या बौद्ध भिक्षूची टर उडविली आहे. पण ते शैव राजाने रचलेले, म्हणजे बाहेरून आलेले हसू होते. क्योगेनचे हसू आतून आलेले आहे. जो समाज त्याच भिक्षूंकडून पाठ करवून घेत होता, तोच त्यांना हसत होता.

माकडापासून कोल्ह्यापर्यंत

क्योगेनच्या घराण्यांत अशी म्हण आहे की, नटाचे शिक्षण माकडापासून सुरू होते आणि कोल्ह्यापाशी पुरे होते. चार-पाच वर्षांचे मूल प्रथम ‘उत्सुबोझारु’मधील माकड होऊन रंगमंचावर येते. शिकारीस निघालेल्या सरदाराला बाणांचा भाता मढविण्यासाठी माकडाचे कातडे हवे असते. न दिल्यास माकडवाल्यासह दोघांना बाणाने मारीन, अशी धमकी तो देतो. माकडवाला रडत रडत माकडाला मारण्यासाठी काठी उचलतो. पण माकडाला वाटते की हा खेळाचाच इशारा आहे. ते काठी घेऊन होडी वल्हविण्याची नक्कल करू लागते. लहानपणापासून ज्याला शिकविले, ते मरणाच्या क्षणीही शिकविलेलेच करीत आहे, हे पाहून माकडवाला कोसळतो, आणि सरदारही रडू लागतो. जीवदान मिळते. माकड नाचते, हर्षभरित सरदार आपला पंखा, तलवार, वस्त्रे देऊन टाकतो आणि शेवटी स्वतःच माकडाची नक्कल करीत नाचतो. सत्तेचा ताठा करुणेने कसा वितळतो, ते येथे प्रवचनाविना दिसते.

शिक्षणाची अखेर करणारा कोल्हा ‘त्सुरिगित्सुने’मध्ये आहे. आपल्या साऱ्या कुळाचा शिकाऱ्याने नाश केला, म्हणून एक वृद्ध कोल्हा शिकाऱ्याच्या भिक्षू काकाचे रूप घेऊन येतो आणि प्राणिहत्येचे दुष्परिणाम सांगतो. शिकारी सापळा टाकून देण्याचे वचन देतो. उपदेश यशस्वी झाला. पण परतीच्या वाटेवर त्या सापळ्यातील आमिषाचा वास येतो. कोल्हा जातो, थांबतो, पुन्हा वळतो, आणि अखेर हे अवजड वेश उतरवून येऊ, असे म्हणून निघतो. तो परत येतो तेव्हा कोल्हाच असतो, आणि सापळ्यात सापडतो. झटापट करून तो निसटतो. परंतु प्रेक्षकाच्या मनात प्रश्न सोडून जातो. हत्येविरुद्धचा त्याचा उपदेश खोटा होता काय? मुळीच नाही. केवळ उपदेश करणाऱ्याची तृष्णा शिल्लक होती. धम्माविषयी लिहिणाऱ्या आम्हांस हे नाटक अस्वस्थ करते, हे मान्य केले पाहिजे.

हास्याची किंमत आणि मर्यादा

हे हसू फुकट मिळालेले नव्हते. सारुगाकु नटांचा सामाजिक दर्जा हीन होता. 1378 मध्ये क्योतोच्या गिओन उत्सवात शोगुन योशिमित्सु याने बाल झेआमीला आपल्या शेजारी बसविले, तेव्हा सारुगाकु हा तर भिकाऱ्यांचा धंदा, अशा शब्दांत एका दरबारी सरदाराने दैनंदिनीत संताप नोंदविला. तोच झेआमी (1363–1443) पुढे नोहचा सर्वश्रेष्ठ नाटककार झाला. 1424 मध्ये फुशिमी येथे दरिद्री झालेल्या दरबारी सरदारांवर क्योगेन सादर झाले, तेव्हा तेथील राजपुत्राने नटांना खडसावले. त्याच नोंदीत हिएई पर्वताचाही उल्लेख आहे. तेथे माकड हे देवतेचे दूत मानले जात; माकडांवरील प्रयोगाने चिडून तेथील भिक्षूंनी नटांवर हात टाकला होता. चीवर धारण केले म्हणून हसू पचविता येतेच असे नाही, हेही या नोंदीतून कळते.

उलट बाजूने, हसविणाऱ्यांनीही स्वतःवर मर्यादा घातल्या. झेआमीने 1430 च्या ‘श्यूदोश्यो’ या ग्रंथात क्योगेन नटांना बजावले की, गदारोळाचे, ग्राम्य हसू हे ध्येय नव्हे; ज्या स्मितात आनंद सामावलेला आहे ते साधावे. भारतीय परंपरेशी याचे साम्य मनोज्ञ आहे. नाट्यशास्त्र हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित व अतिहसित असे सहा प्रकार सांगते आणि उत्तम पात्रांना पहिले दोनच योग्य ठरविते. अभिधम्माच्या परंपरेनेही हे वर्गीकरण स्वीकारले असून तीतही बुद्धांचे हास्य स्मिताच्या बाजूचे आहे. सतराव्या शतकात ओकुरा घराण्याचा तोराआकिरा (1597–1662) याने 1642 मध्ये क्योगेनच्या संहिता लिहून काढल्या. ‘वारान्बेगुसा’ या आपल्या ग्रंथात त्याने, तोंड वेडेवाकडे करून, अर्थहीन बडबड करून हशा मिळविणाऱ्या समकालीन नटांवर कठोर टीका केली. सम्फप्पलापाविरुद्ध एका विनोदी नटानेच केलेली ही तक्रार आहे.

विहारातील मूक नाट्य

याच नावाचा, पण वेगळ्या परंपरेचा एक प्रकार क्योतोच्या मिबुदेरा विहारात आजही पाहावयास मिळतो. परंपरा अशी की, 1300 साली एनकाकु या भिक्षूने लोकांना धर्मोपदेश करण्यासाठी तो सुरू केला. जमाव इतका मोठा असे की शब्द ऐकू जाणे अशक्य. म्हणून त्याने मूक अभिनयाचा आश्रय घेतला. सर्व पात्रे मुखवटे घालतात, कोणी बोलत नाही. केवळ घंटा, ढोल व बासरी वाजत राहतात. नट व्यावसायिक नसून परिसरातील गृहस्थच असतात. त्यांच्या तीस नाटकांपैकी ‘होराकुवारी’ सर्वांत प्रसिद्ध आहे. हिवाळा सरताना भाविक मातीच्या थाळ्यांवर नावे लिहून विहाराला अर्पण करतात. वसंतातील प्रयोगात त्या थाळ्यांचे ढीग उंच मंचावरून खाली ढकलून फोडले जातात. थाळी फुटली की अरिष्ट टळले, ही श्रद्धा. 1976 मध्ये जपान सरकारने या परंपरेला महत्त्वाच्या अमूर्त लोकसांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला.

आजचा प्रेक्षक

1868 च्या राज्यक्रांतीनंतर शोगुन व सरदारांचा आश्रय संपला. तीन घराण्यांपैकी सागी घराण्याची व्यावसायिक परंपरा लोपली. ओकुरा व इझुमी टिकली. आज सुमारे 260 नाटके प्रयोगात आहेत. क्योतोचे शिगेयामा घराणे विवाहसमारंभ, शाळा, उत्सव, कोठेही प्रयोग करू लागले, तेव्हा इतरांनी त्यांना ‘टोफू’ म्हणून हिणविले. टोफू म्हणजे सोयाबीनचे स्वस्त, घरोघरी खाल्ले जाणारे पनीर. घराण्याने ही शिवी बिरुदासारखी स्वीकारली : टोफू गरिबाच्या ताटातही असतो, श्रीमंताच्याही, आणि चवीने खाल्ला तर कंटाळा येत नाही. 2001 मध्ये नोमुरा मान्साई याने शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’वर आधारित क्योगेन रंगमंचावर आणले. त्याच वर्षी युनेस्कोने नोह व क्योगेन यांचा मानवजातीच्या अमूर्त वारशात गौरव केला आणि 2008 मध्ये त्यांचा प्रातिनिधिक यादीत समावेश झाला. ‘बुसु’ व ‘काकियामाबुशी’ जपानी शाळकरी मुलांनी पाठ्यपुस्तकांतून वाचली आहेत.

या चिरंतन आकर्षणाचे कारण काय? आमच्या मते, क्योगेन कोणाच्या जन्माला, व्यंगाला हसते तेव्हा ते दुबळे असते; आंधळ्यांवरील काही जुनी नाटके आजच्या प्रेक्षकाला खुपतात, ती याचमुळे. परंतु ते लोभाला, अहंकाराला, पंथाभिमानाला हसते तेव्हा त्याला काळाची मर्यादा राहत नाही. मालक, सरदार, भिक्षू, तपस्वी यांचा वेश उतरतो आणि याच परिसरात राहणारा एक माणूस उरतो. त्याचा सूड घेतला जात नाही. शेवटी बहुधा कोणी पळतो, कोणी पाठलाग करतो आणि दोघेही त्या सेतूवरून निघून जातात.

तालपुटाला मिळालेले उत्तर यामुळे खोटे ठरत नाही. लोभ, द्वेष, मोह वाढविणारे हसू अधोगतीकडेच नेते. मात्र तेच विकार ओळखू येतील अशा रीतीने समोर मांडणारे हसूही असू शकते, आणि ‘फुसे नाई क्यो’मधील भिक्षूच्या अंगरख्यातून काषायवस्त्र खाली पडते तेव्हा प्रेक्षकगृहात तेच उमटते. धम्माला त्या हसण्यापासून भय नाही. भय असलेच तर ते, हसणाऱ्यावर हात टाकणाऱ्या हिएई पर्वतावरील भिक्षूंच्या क्रोधापासून आहे.